खाणारा गावला पायजे

आक्का आमच्या घरात शिरल्या की आधी पालथा हात फ्रीजच्या अंगावर ठेवायच्या. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मग टीव्हीच्या पाठीवर, मग माझ्या मोबाइलच्या चार्जरवर. प्रत्येक ठिकाणी डोळे मिटून जरा थांबायच्या आणि निदान सांगायच्या, "मास्तर, हेचं अंग कोंबट लागतंय. खातंय हे."

फ्रीजचं अंग कोमटच असतं, हे मी त्यांना बरेचदा सांगून पाहिलं. मी फ्रीजची बाजू घेतोय असा त्यांचा समज झाला, आणि तो शेवटपर्यंत गेला नाही.

आमच्या समोरच्या दारात त्या राहायच्या. एक खोली, ओट्यापुरतं स्वयंपाकघर आणि न्हाणी, एवढाच फ्लॅट; दारं समोरासमोर, पण आमच्या स्वयंपाकघराची आणि त्यांच्या खोलीची भिंत एकच. दारावरच्या पाटीवर त्यांच्या दिवंगत यजमानांचं नाव होतं आणि अख्खी इमारत त्यांना आक्का म्हणायची. त्यांचं स्वतःचं नाव मला बऱ्याच उशिरा कळलं, आणि कळल्यावरही ते वापरायची कधी वेळ आली नाही. अशी माणसं तुमच्याही जिन्यात असतील.

उमेदीची सगळी वर्षं आक्कांनी इथल्याच मंगळवार पेठेत खानावळ चालवली. जेवायला यायची ती शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत राबणारी पोरं. भाकरीची टोपली वेळेआधी रिकामी झाली की आक्का पंगतीसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "खाणारा गावला पायजे." पोरं खाली माना घालून हसायची. आक्का एकेकाचं तोंड बघत जायच्या आणि जास्तीची भाकरी कुणी खाल्ली ते बरोबर ओळखायच्या. मग दुसऱ्या दिवसापासून त्याच्या ताटात आधीच एक भाकरी जास्त पडायची. "भूक मोठी हाय तर सांगायला काय जातंय मेल्याचं?" एवढीच त्याला शिक्षा.

पुढे गुडघे गेले, खानावळ बंद झाली. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाने त्यांच्यासाठी हा फ्लॅट घेतला. तो सरळ आणि मायाळू मुलगा होता, पण काळजीचा त्याला नाद होता. एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला आणि आक्का तशाच खाली भाजी घ्यायला गेल्या. अनर्थ काही झाला नाही, वास मात्र तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी मुलगा आला, सिलिंडर परत केला आणि घरात सगळं विजेवरचं आणून ठेवलं. शेगडी विजेची, भाताचा कुकर विजेचा, गिझरही विजेचा. काडेपेटी उरली ती देवापुढे.

विजेच्या शेगडीशी आक्कांचं कधी जमलं नाही. पहिल्या दिवशी त्यांनी वाकून तिच्या खाली पाहिलं. "जाळ कुटं हाय हेचा?" मी म्हणालो, "जाळ नसतो आक्का, भांडंच तापतं." त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. भाकरी मध्ये करपायची आणि कडेला कच्ची राहायची. ती त्या आम्हाला दाखवायला आणायच्या आणि मग आमच्या गॅसवर नवीन करून आम्हालाच खर्ड्याबरोबर खाऊ घालायच्या.

आणि मग बिलं यायला लागली. बिल मुलाच्या मोबाइलवर जायचं, तोच भरायचा. पहिल्यांदा तो काही बोलला नाही. पुढच्या महिन्यात हसत विचारलं. त्याच्या पुढच्या महिन्यात हसला नाही. एकट्या बाईच्या एका खोलीचं बिल त्याच्या पुण्याच्या तीन खोल्यांच्या बिलापेक्षा जास्त येत होतं. पैशाचं त्याला काही नव्हतं. त्याला वाटायला लागलं, आईला आता भान राहत नाही, काहीतरी दिवसरात्र चालू ठेवते आणि विसरते. आज बिल आहे, उद्या काय असेल. त्याने फोनवर सांगितलं, दिवाळीपर्यंत हे असंच राहिलं तर तुला पुण्याला घेऊन जाणार.

आक्का तो निरोप सांगायला आल्या तेव्हा त्यांनी फ्रीजलाही हात लावला नाही. खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, पुण्यात माणसं दार लावून जेवत्यात. मी बगून आलेय. माझा घास न्हाय उतरायचा तितं."

तेव्हापासून आमच्या इमारतीत तपास सुरू झाला.

सर्वांत आधी आक्कांनी स्वतःवर निर्बंध घातले. पंखा बंद. टीव्ही बंद, मालिका आमच्याकडे बघायची, आणि बघून झाली की आमच्या टीव्हीच्या पाठीला हात लावून आम्हाला समज द्यायची. फ्रीज बंद करून त्याचं कपाट केलं, त्यात कांदा-लसूण चटणीच्या बरण्या राहायला गेल्या. अंघोळ गार पाण्याने. ही गोष्ट त्या जिन्यात भेटेल त्याला सांगायच्या, दूधवाल्यालाही. त्यामुळे गिझरचा विषय कुणी काढायला गेलं तर त्याचं वाक्य पुरं व्हायचं नाही. "मी गार पाण्यानं न्हाते," असं त्या म्हणायच्या, आणि ते खरं होतं. गुडघ्यांनी आणखी असहकार पुकारला तरी त्यांनी गार पाणी सोडलं नाही.

बिल मात्र हवेत गारवा आला तसं वाढलं.

मग आक्कांनी मीटरसमोर ठाण मांडलं. खाली पार्किंगमध्ये सगळ्यांचे मीटर ओळीने लावलेले आहेत. तिथे प्लॅस्टिकची खुर्ची टाकून, मांडीवर मेथीची जुडी घेऊन त्या बसायच्या आणि आपल्या मीटरमधल्या लुकलुकणाऱ्या लाल दिव्याकडे बघत मेथी निवडायच्या. "डोळा मारतोय मेला," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. लोकही थांबायचे, आपापल्या मीटरकडे बघायचे आणि आपलाही डोळा मारतोय या काळजीत वर जायचे.

एका रविवारी मोठी चाचणी झाली. मी आक्कांच्या फ्लॅटमध्ये, आक्का खाली मीटरपाशी आणि आमच्यामध्ये जिन्याची पोकळी.

"शेगडी लावली," मी वरून ओरडलो.

"पळतोय," खालून आवाज आला.

"कुकर."

"पळतोय."

"आता सगळं बंद केलं."

खाली खुर्ची मीटरजवळ ओढल्याचा आवाज आला. मग आक्का म्हणाल्या, "न्हाय ओ मास्तर, अजून मिचकावतोय की." मी परत सगळी बटणं तपासली. सगळी वर होती. थोड्या वेळाने खालून आरोळी आली, "थांबला." मी सुटकेचा श्वास टाकतोय तोवर, काही एक न करता, पुन्हा, "लागला." अर्धी इमारत एव्हाना कठड्यांवर जमली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त साहेबांचं मत पडलं की कुणीतरी वायर जोडून वीज चोरतंय. त्यांच्या बोलण्यानंतर आठवडाभर शेजारी एकमेकांच्या घरात शिरले की नजर आधी भिंतींवरून फिरवायचे.

वायरमन आणला. त्याने टेस्टर लावून प्रत्येक बोर्ड पाहिला आणि म्हणाला, "आज्जी, वायरिंग एकदम टकाटक हाय." वीज कार्यालयातून एक गृहस्थ आले, त्यांनी मीटर तपासला, तोही नीट निघाला. दोघांनाही आक्कांनी चहा पाजला. चहाआधी न्हाणीतून तांब्याभर ऊन पाणी आणून हातावर घातलं. ते गृहस्थ हात पुसत म्हणाले, "बाई, आजच्या काळात असं कोण विचारतं." आणि मीटर निर्दोष असल्याचं सांगून निघून गेले.

इथे आमच्या मजल्याविषयी एक सांगायचं राहिलं. आमच्या दोन दारांमधली जागा आक्का रोज सकाळी स्वतः धुवायच्या. झाडूवाली येते, तुम्ही कशाला गुडघे मोडता, असं सांगूनही ऐकायच्या नाहीत. सगळ्या इमारतीत आमचाच मजला चकचकीत असायचा. तळमजल्यावरचं मांजर सकाळच्या गारव्यात गच्चीतलं ऊन सोडून आमच्या दारासमोर येऊन ताणून द्यायचं. आम्हाला वाटायचं, त्याला स्वच्छतेची आवड आहे.

दिवाळी महिन्याभरावर आली होती. एका सकाळी माझी बायको दुधाची पिशवी घ्यायला चप्पल न घालताच बाहेर गेली आणि दारातच थबकली. आक्का खराट्याने पाणी जिन्याकडे लोटत होत्या.

"आक्का, लादी ऊन कशी लागतीय?"

"ऊन पाण्यानं धुतल्यावर ऊनच लागणार की."

"कुठलं ऊन पाणी?"

"कालचं," आक्का म्हणाल्या.

बायको तडक त्यांच्या घरात गेली. मीही मागोमाग गेलो. न्हाणीच्या दाराशेजारी, जरा उंचावर, देवाच्या चित्राचं कॅलेंडर टांगलेलं होतं. बायकोने ते एका बोटाने बाजूला सारलं. मागे गिझरचं बटण होतं आणि त्यावरचा बारका लाल दिवा सुखाने जळत होता. चोर शोधायला आलेल्या प्रत्येकाच्या हातावर त्या चोराचंच पाणी पडलं होतं, माझ्यासकट.

"व्हय, ते चालूच असतंय," आक्का मागून म्हणाल्या. त्यांच्या आवाजात लपवाछपवी नव्हती, नवलही नव्हतं. "पण मी वापरत न्हाय. मी गार पाण्यानं न्हाते."

मग कोण वापरतं, हे विचारल्यावर त्यांनी सगळं सांगितलं, आणि ते इतकं साधं होतं की आम्ही दोघं न्हाणीच्या उंबऱ्यावरच बसलो. खानावळीच्या परसात तांब्याचा बंब होता. फाउंड्रीतली पोरं पाळी सुटेल तशी यायची, हातापायांना काळी वाळू आणि तेल. गार पाण्याने ते निघत नाही. म्हणून बंब पहाटे पेटायचा तो शेवटचा गडी हातपाय धुऊन पानावर बसेपर्यंत विझायचा नाही. आलेल्याला दारातच ऊन पाणी, मग पाट. ती रीत आक्कांनी या एका खोलीत आणली होती. त्यातला कुणी कधी वाट वाकडी करून आला तर पाणी तयार असावं म्हणून गिझर चालू. आणि रात्रभर राहिलेलं पाणी शिळं, ते पाहुण्याला कसं द्यायचं? म्हणून रोज सकाळी ते सगळं काढून लादीवर ओतायचं आणि ताजं तापत ठेवायचं.

"इतक्या महिन्यांत आलं का कुणी?" मी विचारलं.

"आलं न्हाय म्हणून येणार न्हाय व्हय?"

बायकोने समजुतीच्या सुरात सांगितलं, "आक्का, हा काही बंब नाही. पाहुणा आला की बटण दाबायचं, चहा होईपर्यंत पाणी तापतं."

आक्कांनी खराटा भिंतीला टेकवला. "पावणा दारात हुबा ऱ्हायल्यावर चूल पेटवायची? मग त्येला कळंल की, हितं आपली कोण वाट बगत नव्हतं."

 शाळेत पोरांना मी निबंध शिकवतो, पण त्या वाक्यापुढे काय लिहावं ते मला आजही सुचत नाही.

दिवसभर समोरचं दार बंद होतं. संध्याकाळी आक्का आल्या. "खाणारा गावला," त्या म्हणाल्या. "मीच वाढत हुते त्येला." बटण बंद करून आल्या होत्या. खुर्चीत टेकल्या आणि साडीच्या पदराशी चाळा करत म्हणाल्या, "आता कोण आलं न्हाय म्हंजे बरं." पंगतीच्या पंगती उठवलेल्या बाईच्या तोंडून हे ऐकताना मला फार वाईट वाटलं. बिलाचं कोडं सुटलं याचा आनंद कुठल्या कुठे गेला.

तोडगा माझ्या बायकोने काढला. ती म्हणाली, "आक्का, आमच्याकडे गॅस आहे. पाहुणा दारात आला की आपल्या मधल्या भिंतीवर थाप मारा. आमचं पातेलं चढलंच म्हणून समजा."

"पावणा माझा आणि पाणी तुमचं?"

"लादी आमची आणि धुता तुम्ही, ते चालतं."

आक्कांनी बराच विचार केला आणि व्यवहार मान्य केला. दुसऱ्याच दिवशी भिंतीवर धडाधड थापा पडल्या. बायकोने हातातलं टाकून गॅस पेटवला, मी फडकी घेऊन सज्ज झालो, आणि उकळतं पातेलं घेऊन आम्ही समोर धावलो. आक्का चप्पल उगारून भिंतीवरच्या झुरळामागे होत्या. ते पाणी मग त्यांनी झुरळाच्या बिळात ओतलं, म्हणाल्या, वाया नको.

बिल उतरलं. इतकं उतरलं की मुलगा घाबरला. आई उपाशी राहते की काय, या संशयाने दिवाळीच्या आधीच, न कळवता, भरदुपारी येऊन हजर झाला. भिंतीवर थाप पडली आणि पाठोपाठ आक्कांचा खणखणीत आवाज आला, "घरात नंतर ये. आधी खाली जा आणि डोळ्यानं मीटर बगून ये."

तो खाली गेला. बायकोने पातेलं चढवलं आणि स्वतः जिन्यात जाऊन उभी राहिली. तो वर यायला लागला तेव्हा तिने त्याच्या बायकोची, पुण्याच्या हवेची, ऑफिसची आणि सुचेल त्या सगळ्याची चौकशी केली. तेवढ्यात मी पातेलं पलीकडे पोचवलं आणि परतीच्या वाटेत त्याला नमस्कार केला. माझ्या हातात दोन फडकी होती, ती त्याने नीट पाहून घेतली.

आक्कांनी त्याच्या पायांवर पाणी घातलं. "आई, अजून ऊन पाणी असतं होय तुझ्याकडं?" तो म्हणाला. प्रवासाने दमलेला माणूस एकदम पोरासारखा दिसायला लागला.

"असतंयच की," आक्का म्हणाल्या.

पायावरचं पाणी संपेपर्यंत तो त्या पातेल्याकडे बघत होता. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालतात. माझ्या सासऱ्यांनी लेकीच्या लग्नात दिलेल्या त्या पातेल्याच्या काठावर त्यांचं नाव ठसठशीत कोरलेलं आहे. त्याने ते वाचलं.  निघताना पातेलं घासून-पुसून हातात घेऊन आमच्या दारात आला.

"सर, तुमचं पातेलं." मग म्हणाला, "तिला मी नेत नाही. बिल उतरलं म्हणून नाही म्हणत मी. भिंतीवर थाप मारली की पलीकडून कुणी येतं, एवढं मला पुरे."

मी आत जाऊन डोळे पुसले. बायकोने कांदा चिरायला घेतला होता, म्हणून निभावलं.

त्यानंतर भिंतीवर अधूनमधून थापा पडत राहिल्या. खानावळीतला एक जण खरोखरच आला, आता स्वतःचं वर्कशॉप असलेला, पोट सुटलेला. आक्कांनी त्याला ओळखलं ते तोंडावरून नव्हे, भाकऱ्यांवरून.

गेल्या वर्षी सुनेला दिवस गेले आणि आक्का आपणहून पुण्याला निघाल्या. "नेत न्हाय म्हणाला, म्हणून जाते," असं त्यांचं कारण. किल्ली माझ्या बायकोच्या हातात दिली. परत कधी येणार, असं मी विचारलं तर भडकल्या. "आपल्या घरी यायला कळवायचं असतंय व्हय, मास्तर?"

बाळ झालं, बारसं झालं, बाळ बसायला लागलं. आक्का फोन करतात. पुण्याच्या फ्रीजचंही अंग कोमट लागतं, पण तिथे कुणी मनावर घेत नाही, अशी त्यांची तक्रार असते. येण्याचं त्या बोलत नाहीत आणि आम्ही विचारत नाही. खरं सांगायचं तर विचारायची भीती वाटते. मालिकेच्या वेळी त्यांची खुर्ची रिकामी असते आणि आमच्या टीव्हीला कुणी बोलत नाही.

परवा सकाळी मुलाचा फोन आला. "सर, आईचा फ्लॅट बंद आहे, तरी बिल आलंय. आणि चांगलंच आलंय. काही चालू राहिलंय का, जरा बघता का?"

मी फोन कानाला लावूनच दार उघडलं आणि बाहेर पाऊल टाकलं. लादी ओली होती आणि पायाला ऊन लागत होती. मधोमध मांजर पसरलं होतं. मी वळून बायकोकडे पाहिलं. तिने आक्कांची किल्ली खिळ्याला अडकवली, रिकामी बादली पालथी घातली आणि म्हणाली, "बिल आपण भरू म्हणावं. त्या काही कळवून यायच्या नाहीत."

"सर, ऐकताय ना?" तो म्हणाला.

"ऐकतोय," मी म्हणालो. "खाणारा गावला की सांगतो."